लाल खुर्ची आणि ओहोटीची वेळ

दादा,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण फोनवर हिंदीत आभार मानायला गेले की तुम्ही ‘अरे दीदी, इसमें क्या है’ म्हणून माझं वाक्य मध्येच तोडता आणि मनातलं राहून जातं. म्हणून हे सगळ्यांसमोर, माझ्या भाषेत. अंदमानला जाणारं एखादं मराठी कुटुंब कधीतरी तुमच्या रिक्षात बसेल आणि तुम्हाला हे वाचून दाखवेल. तेव्हा मात्र शेवटपर्यंत ऐका.

आम्ही तुमच्या बेटावर फक्त एक रात्र राहणार होतो. २०१८ च्या डिसेंबरात सरकारने त्याचं नाव शहीद द्वीप केलं, पण तुम्ही सगळे अजून ‘नील’च म्हणता, तेव्हा मीही नीलच लिहिते. आमच्या यजमानांनी सगळ्या सहलीचा तक्ता करवून आणला होता. पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक, मग नील, आणि परत. नीलच्या रकान्यात भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, नॅचरल ब्रिज अशी नावं होती आणि प्रत्येकापुढे वेळ. जेट्टीवरून बाहेर आल्या आल्या त्यांनी तो कागद तुमच्या हातात दिला होता.

तुम्ही कागद बघितलाच नाही. तुम्ही आईंकडे बघत होतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेट्टीच्या लांबलचक वाटेवरून माझ्या खांद्याचा आधार घेत, एकेक पाऊल मोजत येत होत्या. दोन्ही गुडघे गेलेले. तुम्ही त्या पोचेपर्यंत थांबलात, रिक्षात चढायला हात दिलात आणि मग यजमानांना म्हणालात, “नॅचरल ब्रिज माँजी से नहीं होगा. पत्थर है, फिसलन है. ले जाऊँगा तो मेरा भाड़ा बनेगा, लेकिन माँजी का पैर जाएगा.”

त्याआधीच्या चार दिवसांत आम्हाला ‘सब हो जाएगा’ म्हणणारी बरीच माणसं भेटली होती. होणार नाही असं स्पष्ट सांगणारे तुम्ही पहिले. त्याबद्दल पहिले आभार. तो दगडी पूल आम्ही शेवटपर्यंत पाहिला नाही, आणि मला त्याची जराही रुखरुख नाही.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी तिथे असताना सांगितली नव्हती. ही सहल खरं तर माझ्या सासऱ्यांची होती. सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी बघायचं असं ते वर्षानुवर्षं म्हणत. कधी रजा नसायची, कधी पैसे, नंतर तब्येत. सहलीच्या दोन वर्षं आधी ते गेले. त्यांच्या वतीने आईंना घेऊन जायचं हे आम्ही ठरवलं. १९०६ मध्ये बांधून पुरा झालेला तो तुरुंग, सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या, शेकडो कोठड्या. सावरकरांच्या कोठडीपर्यंतचे जिने आईंनी बसत बसत चढले. वर पोचल्यावर दाराच्या गजांना हात लावून उभ्या राहिल्या, बराच वेळ. काही बोलल्या नाहीत. खाली उतरल्यावर म्हणाल्या, “झालं. आता तुम्ही फिरा, मी हॉटेलात बसते.” त्यांच्या दृष्टीने प्रवास तिथेच संपला होता. हॅवलॉकला राधानगरच्या किनाऱ्यावर आम्ही पाण्यात असताना त्या लांब झाडाखाली पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. आम्ही तरी काय केलं? आईंना ऊन लागणार नाही ना एवढं पाहिलं आणि पाण्यात गेलो. त्यांना काय हवं आहे असं आम्ही विचारत नव्हतो. त्याही सांगत नव्हत्या. सासरे गेल्यापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला चार वाजताच लक्ष्मणपूरला पळवलंत. आम्ही म्हणत होतो, संध्याकाळी निवांत जाऊ. तुम्ही म्हणालात, यहाँ शाम नहीं रुकती. आणि खरंच, पाच वाजायच्या आत सूर्य समुद्रात गेला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला हे काही पटेना. घड्याळात दुपार आणि बाहेर अंधार! रात्री खोलीत तिच्या बाबांनी समजावलं की आपल्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि हे बेट आहे त्र्याण्णवच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. तिने वहीत साडेदहा गुणिले चार केलं, बेचाळीस आले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी शाळेच्या कुठल्याही निकालाच्या दिवशी पाहिलेलं नाही. वर नोव्हेंबरअखेरचा छोटा दिवस. पहाटे सव्वापाचला उजाडतं तेही तिने दुसऱ्या दिवशी उठून तपासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं ते पावसातच. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालेला, बोटी बंद. तुम्ही साडेसहाला रेनकोट घालून दारात उभे होतात. स्वतः जेट्टीवर जाऊन विचारून आला होतात, म्हणजे आईंना सामानासकट तिथे जाऊन परत यायला लागू नये. आम्ही तुम्हाला तसं सांगितलं नव्हतं. आमची सहल ज्यांनी आखून दिली होती त्यांचा फोन दोन दिवस लागला नाही, आणि ज्यांच्याशी आमची ओळख अर्ध्या दिवसाची होती ते तुम्ही रोज सकाळी बातमी घेऊन येत होतात.

मग आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मोजून आणलेल्या, एकच उरलेली. मी घाबरले होते. तुम्ही रिक्षाचे दोन्ही पडदे सोडलेत, मला आरोग्य केंद्रात नेलंत, तिथल्या सिस्टरशी बंगालीत बोललात आणि पंधरा मिनिटांत गोळ्या माझ्या हातात. परतताना रस्ता भरून वाहत होता, म्हणून तुम्ही विचारलंत, घर इथेच आहे, पाऊस कमी होईपर्यंत थांबता का? आईंनाही घेऊन येतो, खोलीत एकट्या काय करतील?

दादा, त्या दुपारबद्दल मला लिहायलाच हवं.

तुमच्या पडवीत वहिनी केळफूल सोलत बसल्या होत्या. आईंनी ते पाहिलं आणि न विचारता पाटावर बसल्या. गुडघे दुखतात हे विसरून! केळफुलाची एकेक लाल पाकळी उचलायची, आतल्या फण्या काढायच्या, प्रत्येक बारीक फुलातला टाचणीसारखा ताठ दांडा आणि तो पारदर्शक खवला खुडून टाकायचा, हाताला तेल लावायचं नाहीतर बोटं काळी होतात. हे सगळं दोघींना येत होतं आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. वहिनी हळदमिठाच्या पाण्यात टाकत होत्या, आईंनी खुणेने सांगितलं की आम्ही ताकाच्या पाण्यात टाकतो. वहिनी म्हणाल्या, “मोचा.” आई म्हणाल्या, “केळफूल.” मग दोघी पाळीपाळीने एकमेकींचे शब्द म्हणत बसल्या. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की बाकी काही बोलणं शक्यच नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर तुम्ही तुमच्या आजोबांची गोष्ट सांगितलीत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निघालेली कुटुंबं, निर्वासितांच्या छावण्या, मग जहाज, मग या बेटावरचं जंगल आणि त्यात मिळालेला जमिनीचा तुकडा. आजी नदीकाठची, समुद्राला भिणारी. पहिली कित्येक वर्षं ती किनाऱ्याकडे पाठ करून भाजी लावायची, असं तुम्ही म्हणालात. आज नीलची भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. ज्या बेटाला आम्ही कागदावर ‘एक रात्र’ म्हणून लिहिलं होतं, ते कुणीतरी पाठ करून बसून, घाबरत घाबरत घर केलेलं बेट आहे, हे त्या पडवीत कळलं. गावांची नावं ऐकून आई म्हणाल्या, “रामनगर आहे, लक्ष्मणपूर आहे, भरतपूर आहे, सीतापूर आहे. मग शत्रुघ्न कुठाय?” मी भाषांतर केलं तेव्हा तुम्ही किती हसलात! आईंना कुणी असं मनापासून हसून दाद दिलेली मी फार दिवसांनी पाहत होते.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पण बोटी बंदच. त्या दिवशी अमावास्या होती. आईंना तिथी तोंडपाठ असतात. तुम्हालाही. “आज अमाबस्या, पानी बहुत पीछे जाएगा,” तुम्ही म्हणालात, आणि आई लगेच म्हणाल्या, “जाणारच.” तक्त्यातल्या वेळा आता कुणालाच आठवत नव्हत्या. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, आणि रोज ती वेळ पाऊण तास, पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे आम्ही शाळेत शिकलो होतो. तुम्ही मात्र त्यावर तुमची दुपार बेतत होतात.

तीन वाजता तुम्ही आलात ते रिक्षाच्या टपावर लाल प्लास्टिकची खुर्ची बांधून.

मला वाटलं कुठेतरी पोचवायची असेल. भरतपूरच्या किनाऱ्याशी रिक्षा जिथपर्यंत जाते तिथपर्यंत तुम्ही नेलीत, खुर्ची डोक्यावर घेतलीत आणि म्हणालात, “चलिए माँजी.” काचेच्या तळाच्या बोटी वर ओढून ठेवलेल्या, दुकानं बंद, किनाऱ्यावर माणूस नाही. आणि समुद्र लांब गेलेला. जिथे काल लाटा होत्या तिथे वाळूचे पट्टे, पोवळ्यांचे खडक आणि मधे मधे आरशासारखी डबकी. बाहेर, खडकांच्या कडेवर, लाटा फुटत होत्या. पोवळ्यांची ती भिंतच त्यांना अडवत होती, म्हणून आत पाणी असं शांत.

तुम्ही काठीने चाचपत पुढे गेलात. जिवंत पोवळ्यावर पाय पडू द्यायचा नाही, निव्वळ वाळू असेल तिथेच. एक डबकं निवडलंत, घोट्याएवढ्या पाण्याचं, आणि खुर्ची ठेवली. आई बसल्या तर पाय रुतणार, खुर्ची तिरकी होणार. ते तुम्ही आधीच धरून चालला होतात. खिशातून चार करवंट्या काढल्यात आणि उपड्या करून खुर्चीच्या चारही पायांखाली एकेक ठेवलीत. मग आईंना दोन्ही हातांनी धरून बसवलंत. त्यांचे पाय पाण्यात. पाणी कोमट होतं.

दादा, माणसाला करवंट्या सुचतात म्हणजे त्याने घरून निघताना त्या बाईचा विचार केलेला असतो. हे लिहिताना आत्ताही माझा गळा भरून येतोय.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही, आणि खरं तर त्यात काहीच घडलं नाही. आईंच्या पायाशी काळी समुद्रकाकडी पडली होती, अंगावर वाळू माखलेली. तुम्ही सांगितलंत की ती वाळू खाते, त्यातलं अन्न ठेवून घेते आणि स्वच्छ वाळू मागे सोडते. “मतलब झाड़ू मारती है,” आई हिंदीत म्हणाल्या, त्यांचं त्या सहलीतलं पहिलं हिंदी वाक्य. खडकाच्या फटीत एक मोठा शिंपला होता, मोराच्या पिसासारखे निळे-हिरवे ओठ उघडून बसलेला. माझ्या मुलीची सावली पडली की मिटायचा, सावली हलली की हळूच उघडायचा. तिने ते इतक्या वेळा केलं की शेवटी आईंनी तिला दटावलं, “पुरे, त्याला झोपू दे.” यजमान वाळूत बसले होते. फोटो न काढता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या हातात कागद नव्हता, फोन नव्हता. ते आईंकडे बघत होते.

मुलीने एक सुंदर शंख उचलला आणि खिशात टाकणार तेवढ्यात तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसलात. तळहातावर ठेव आणि हलू नकोस, असं म्हणालात. थोड्या वेळाने शंखातून बारीक पाय बाहेर आले. शंखात राहणारा खेकडा. मग तिने रिकामा शंख शोधला. तोही तुम्ही ठेवायला लावलात. खेकडा वाढतो, त्याला मोठा शंख लागतो, तो आपला आपण बनवू शकत नाही. हा रिकामा नाही, कुणाचं तरी पुढचं घर आहे. पोवळं, शंख बेटावरून न्यायला बंदी आहे, विमानतळावर तपासतात, हे आम्ही फलकावर वाचलं होतं. पण तिला नियम लक्षात राहिला नसता. पुढचं घर लक्षात राहिलं. तिने तो शंख पाण्याच्या कडेला, तोंड मोकळं राहील असा ठेवला.

तुम्ही वाळूत एक काडी रोवली होतीत. पाणी काडीला लागलं की उठायचं. पाणी काडीला लागलं. तुम्ही म्हणालात, “माँजी, चलें?”

आणि आई म्हणाल्या, “अजून पाच मिनिटं.”

तुम्हाला मराठी कळत नाही, पण ते कळलं. तुम्ही काडी उपटलीत आणि हातभर अलीकडे रोवलीत.

मी आणि यजमानांनी एकमेकांकडे बघितलं. दोन वर्षांत त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट होती. नातीसाठी नाही, मुलासाठी नाही, गेलेल्या नवऱ्यासाठी नाही. स्वतःचे पाय अजून पाच मिनिटं पाण्यात राहावेत म्हणून. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ह्यांना जमलं नसतं गं इतकं स्वस्थ बसायला. दहा फेऱ्या मारल्या असत्या.” सासऱ्यांचं नाव निघालं की त्यांचे डोळे भरायचे. त्या दिवशी त्या हसत होत्या.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं तेव्हा तुम्ही आणि यजमानांनी त्यांना उठवलं. सूर्य मावळतीला लागला होता. तुम्ही करवंट्या पाण्यात बोटांनी शोधून चारही काढल्यात, विसळल्यात आणि आईंनी त्या मागून घेतल्या. भाडं तुम्ही नेहमीचंच सांगितलंत. खुर्चीचं काही नाही, पाऊण तास पाण्यात उभं राहण्याचं काही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बोट सुटली. वहिनींनी डब्यात केळफुलाची भाजी दिली होती. आईंनी ती बोटीतच संपवली, कुणाला जास्त दिली नाही.

विमानाची तिकिटं बुडाली, त्यावरून घरी आल्यावर थोडी कुरबुरही झाली, ती विसरलीही गेली. पण तुम्हाला हे सांगायचं आहे की त्या खुर्चीचं पुढे काय झालं. आमच्या घरात लाल खुर्ची नव्हती. माझ्या मुलीने हट्ट करून आणायला लावली. ती बाल्कनीत असते. रविवारी दुपारी ती मोठ्या घमेल्यात कोमट पाणी भरते, आजीला बसवते आणि आजीचे पाय त्यात ठेवते. मग आम्ही तिघंही काही ना काही घेऊन तिथेच जमतो. कुणी शेंगा सोलतं, कुणी कपड्यांच्या घड्या घालतं, कुणी नुसतंच बसतं. शेजारच्या झाडावर सातभाई भांडतात तेवढा आवाज. सुरुवातीला मला वाटलं महिनाभर चालेल. वर्ष होईल आता. बाल्कनीच्या फरशीत खुर्ची रुतायचं काही कारण नाही, तरी चार करवंट्या तिच्या पायांखाली आहेत. आईंनीच ठेवल्या. त्यामुळे खुर्ची जरा डुगडुगते, आणि त्यांना ती तशीच हवी असते.

आणि आई आता मागतात, दादा. चहात आलं जास्त घाल म्हणतात. हा कार्यक्रम नको, तो लाव म्हणतात. परवा म्हणाल्या, मला भाजीबाजारात यायचंय, हळू चालेन, थांबत थांबत. आम्ही गेलो. दोन तास लागले, आणि येताना त्या केळफूल घेऊन आल्या. सोलताना मुलीला शिकवत होत्या आणि सांगत होत्या, “ह्याला मोचा म्हणायचं.”

मुलीने भिंतीवर तुमच्या बेटाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक लावलंय, दर महिन्याला नवं उतरवून घेते. शाळेतून आली की आधी तिथे बघते आणि आजीला सांगते. आज अमावास्या. तुमच्याकडे पावणेचारच्या सुमाराला पाणी मागे जाईल. आत्ता अडीच वाजलेत, आई विचारताहेत की दादा निघाले असतील का खुर्ची घेऊन.

तुमची दीदी